गोधडीचा टॉप जोडायला आवडतं पण टाके घालायला नको वाटतं, मग पावणेचार लाखांचं मशीन घ्यायचं का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मग वही घेऊन बसले, कारण आकडे तुम्ही सगळे नीट दिलेत.

आधी थोडक्यात तुमची बाजू मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. जुळे सोलापुरात राहता, मिस्टर चिंचोळी एमआयडीसीत नोकरीला, मुलगी अकरावीत. घरी ब्लाऊज, फॉल-पिको करून महिन्याला पाच-सहा हजार मिळवता. चार वर्षांपासून युनिफॉर्मच्या कारखान्यातनं किलोवर चिंध्या आणून गोधडीचे टॉप, म्हणजे तुकड्यांचा वरचा थर, जोडता, हल्ली महिन्याला दोन होतात, आणि आज कपाटात १७ टॉप घडी घालून पडलेत. कारण तुकडे कापणं, रंगाला रंग लावून बघणं, जमिनीवर मांडून परत उचलणं, जोडणं हे सगळं तुम्हाला मनापासून आवडतं, पण टॉप, भरण आणि अस्तर असे तिन्ही थर एकत्र करून टाके घालायची वेळ आली की जीव नको होतो. सहा गोधड्या तशाच रेटून पूर्ण केल्या, एकेकीला तीन आठवडे लागले, खांदा धरला, आणि त्या ओळखीत २,२०० रुपयांना दिल्या. आता एकानं फ्रेमवर चालणाऱ्या क्विल्टिंग मशीनचं कोटेशन दिलंय ३,४०,००० रुपयांचं, वर ते मावायला मागची गॅलरी बंद करून घ्यायला ३५,०००. आईकडनं आलेल्या ४,२०,००० च्या एफडी आहेत, त्या मोडायच्या का? आणि शेवटी लिहिलंय की "हे म्हणतात अर्धवट कामाला पैसे कशाला, मला पण वाटतं माझ्यातच चिकाटी नाही."

मशीन घेऊ नका. आता का ते सांगते.

एफडीवर तुम्हाला सरासरी ७ टक्के मिळतात. ३,७५,००० काढले की वर्षाचं २६,२५० रुपये व्याज गेलं. आता दुसरीकडे बघा, तुम्हीच लिहिलंय की अशोक चौकाकडच्या एक बाई मोठ्या मशीनवर डबल बेडच्या गोधडीला टाके घालून द्यायचे १,२०० घेतात. स्वतःच्या मशीनवर केलं तरी दोरा, लाईट, सुया, सर्व्हिसिंग धरून शंभरेक रुपये जाणारच, म्हणजे एका गोधडीमागे वाचतात १,१००. वर्षाला तुमचे टॉप होतात २४. चोवीस गुणिले अकराशे म्हणजे २६,४००. म्हणजे मशीन घेऊन वर्षभर तुम्ही स्वतःच्या सगळ्या गोधड्यांना स्वतः टाके घातलेत, तरी जे वाचेल ते फक्त बुडालेल्या व्याजाइतकं! मुद्दल पावणेचार लाख तसंच अडकलेलं, आणि मशीन मात्र दरवर्षी जुनं होत जाणार. ते व्याज खर्च करा असं मी म्हणत नाहीये हां, ते मुलीच्या फीसाठी साठतंय ते साठू दे, पण मशीनचं खरं भाडं किती पडतं ते तुम्हाला दिसावं म्हणून हा हिशोब केला.

तुम्ही म्हणाल बाहेरचं काम घेऊ. तसं लिहिलंयच तुम्ही, "लोकांच्या गोधड्या करून पैसे काढीन." ठीक, तोही हिशोब केला. पाच वर्षांत मुद्दल काढायचं तर वर्षाला ७५,००० पाहिजेत, म्हणजे बाहेरच्या ६८ गोधड्या, आणि तुमच्या स्वतःच्या २४ धरून ९२. आठवड्याला जवळपास दोन, बारा महिने, लग्नसराई असो की मुलीची परीक्षा. आणि ताई, हे सगळं ते काम जे तुम्हाला आवडतच नाही. टॉप जोडायला मग वेळ कुठला उरणार? जे काम करताना दुपारचा चहा विसरता ते बाजूला पडणार आणि जे करताना खांदा दुखतो तेच दिवसभर करणार, आणि त्यासाठी आईचे पैसे घालणार. मला हे वाचताना खरंच वाईट वाटलं म्हणून एवढं स्पष्ट लिहितेय.

बँकेनं लोन दिलं तरी उत्तर तेच. ३,७५,००० ला १२ टक्क्यानं पाच वर्षं म्हटलं तर हप्ता ८,३०० च्या पुढे जातो, तुमची महिन्याची शिलाई ५-६ हजार.

आता चिकाटीचं. हे पैशाच्या सल्ल्यात बसत नाही असं वाटेल पण बसतं, कारण ही खंत नसती तर तुम्ही मशीन बघायलाच गेला नसता. आपण सोलापूरकर आहोत ओ, आपल्याला हे कोणी सांगायला पाहिजे का? चादर कधी एका माणसानं केलीय? सूत रंगवणारा वेगळा, कांड्या भरणाऱ्या बाया वेगळ्या, मागावरचा वेगळा, कडा शिवून घड्या घालणाऱ्या वेगळ्या. मागावरच्या माणसाला कोणी म्हणत नाही की तू कांड्या भरल्या नाहीस म्हणून तुझं काम अर्धवट. माझी आई साखर पेठेत राहायची तेव्हा तीसुद्धा नुसते तुकडे जोडायची, खालच्या मजल्यावरच्या मावशी धावदोरा घालून द्यायच्या, आई त्यांना बदल्यात ज्वारी द्यायची किंवा त्यांच्या नातवंडांची झबली शिवून द्यायची. दोघींनाही त्यात काही कमी वाटलं नाही. पांघरूण मात्र आईचं पण होतं आणि मावशींचं पण.

खरं तर आपल्या जुन्या वाकळीत बऱ्याचदा हे दोन टप्पे वेगळे नसायचेच, जुन्या लुगड्यांचे थर अंथरायचे, वर तुकडे ठेवायचे आणि धावदोऱ्यानं सगळं एकदमच धरायचं. कर्नाटकात उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायका कवंदी करतात त्यात पण असंच, कडेपासून सुरू करून तुकडे लावत आणि टाके घालत मध्यापर्यंत जातात. टॉप आधी पूर्ण जोडून ठेवायचा आणि टाके नंतर घालायचे, ही तुमची पद्धत अमेरिकेतल्या क्विल्टवाल्यांसारखी. आणि तिकडे नुसते टॉप जोडणाऱ्या भरपूर आहेत, त्या आपला टॉप लाँगआर्म मशीनवाल्याकडे, म्हणजे फ्रेमवरच्या मोठ्या मशीनवर टाके घालून देणाऱ्याकडे, पाठवतात, तो चौरस इंचावर दर लावतो, त्यात कोणाला काही वाटत नाही. अलाबामातल्या गीज बेंड गावच्या क्विल्ट्स पुढे म्युझियममध्ये लागल्या, तिथल्याही बऱ्याच बायका टॉप एकटीनं जोडायच्या आणि टाके घालायला चारजणी मिळून बसायच्या. तेव्हा मिस्टरांना हे दाखवा. पद्धतच अशी आहे की काम दोन हातांत वाटता येतं, आणि वाटता येतंय म्हणूनच तुमचे पावणेचार लाख वाचतायत.

बरं, मग करायचं काय.

पहिलं, २,२०० हा भाव विसरा. तुमच्याच आकड्यांवरून टॉपचं कापड ४५०, अस्तर ३५०, भरण ४००, टाके १,२००, कडेची पट्टी आणि दोरा १००, झाले २,५००. म्हणजे टाके बाहेरून घातले तर २,२०० ला विकून प्रत्येक गोधडीमागे तीनशेचा तोटा, आणि आधीच्या सहामध्ये तो तोटा दिसला नाही कारण तो तुमच्या खांद्यानं भरला. निदान ३,८०० लावा. मग १,३०० उरतात, आणि एका टॉपला तुमचे २५ तास जातात म्हणजे तासाला ५२ रुपये. हा आकडा मुद्दाम सांगतेय, कारण यातनं घर चालणार नाही. ब्लाऊजची शिलाई सोडायची नाही. पण छंद स्वतःचा खर्च स्वतः काढतोय आणि वर हातात काही ठेवतोय, ही माझ्या मते चांगली जागा आहे, तिथंच थोडे दिवस थांबा.

दुसरं, आणि मला यात जास्त दम वाटतो. सगळ्या टॉपला भरण घालायलाच पाहिजे असं कोण म्हणालं? आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४०-४२ च्या वर जातो, जाड गोधडी कोण पांघरणार? थंडी काय ती डिसेंबर-जानेवारी. टॉपच्या खाली मलमलचं अस्तर लावायचं, कडा शिवून घ्यायच्या, आणि थर सरकू नये म्हणून चौकोनांच्या कोपऱ्यावर मधेमधे गाठी मारायच्या, दोहरसारखं हलकं पांघरूण तयार, पलंगपोस म्हणून पण चालतं. नुसता टॉप मात्र तसाच देऊ नका, मागच्या शिवणी उघड्या राहिल्या की धुण्यात दोरे सुटतात. खर्च कापड ४५०, मलमल ३५०, दोरा ५०, एकूण ८५०. १,९०० ला गेलं तरी १,०५० सुटतात आणि अडकलेले पैसे एक तृतीयांश. तुमच्या बारीक तुकड्यांच्या डिझाईनला २५ तास लागतात त्यात हे परवडणार नाही, पण मोठ्या चौकोनांचा टॉप तुम्ही नऊ तासात करता असं लिहिलंय, तो यासाठी धरा, तासाला ११७ च्या आसपास पडेल. एक बघा, युनिफॉर्मच्या चिंध्या बऱ्याचदा टेरीकॉट असतात, उन्हाळ्यात अंगाला गरम होतं आणि घाम टिपत नाही, तेव्हा सुती आणि टेरीकॉट वेगळं करून ठेवा, सुती हलक्या पांघरुणाला आणि बाकीचं गोधडीला. रंग जाणारे तुकडे जोडायच्या आधी धुवून घेता ना? नसाल तर घ्या, एक लाल तुकडा अख्खा माल खराब करतो.

म्हणजे दिवाळी ते जानेवारीतली गड्डा यात्रा भरणाच्या गोधड्या, फेब्रुवारीपासून हलकी पांघरुणं. १७ टॉपना एकदम टाके घालून आणू नका, १७ गुणिले १,२०० म्हणजे २०,४०० झाले नुसत्या टाक्यांचे, आणि माल परत कपाटातच. चार निवडा. ते विकून आलेल्या पैशातनं पुढचे चार. चारही गेले नाहीत तर भाव किंवा रंग चुकतोय हे पाच हजाराच्या टाक्यांत कळेल, पावणेचार लाखांत नाही. देताना अस्तर आणि भरण चारही बाजूंनी टॉपपेक्षा चार-चार इंच मोठं द्या, फ्रेमवर ताणताना लागतं, नाहीतर त्या बाई तुमचाच टॉप कापून सरळ करतील.

तुम्ही लेबलवर "सोलापुरी चादर गोधडी" छापायचं म्हणताय, ते करू नका. सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आहे, ते नाव मागावर विणलेल्या ठराविक मालाचं आहे, जोडलेल्या तुकड्यांना वापरता येत नाही. "सोलापुरात जोडलेली" लिहा, खरं पण आहे.

सरकारी योजनांचं विचारलंत. पीएम विश्वकर्मामध्ये १८ व्यवसाय आहेत, त्यात शिंपी येतो, आणि तुम्ही खरंच ब्लाऊज शिवता. ट्रेनिंगमध्ये दिवसाला ५०० स्टायपेंड, अवजारांसाठी १५,००० चं व्हाउचर, आणि पहिलं लोन १ लाखापर्यंत ५ टक्क्यानं १८ महिन्यांसाठी, हप्ता साधारण ५,७८० बसतो. घरातल्या एकालाच मिळतं आणि सरकारी नोकरीवाल्या घराला नाही, तुम्हाला दोन्ही अडचण नाही. व्हाउचर मिळालं तर घ्या, चांगली कात्री, कटर, इस्त्री, जोडायचं शिलाई मशीन, म्हणजे जे आवडतं त्याचीच अवजारं. लोन आत्ता घेऊ नका, त्याची गरज कुठेच दिसत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करून ठेवा, ती फुकट आहे, कोणी दीड-दोन हजार मागितले तर उठून या.

आणि एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाहीत पण मला गोधडीपेक्षा तिची जास्त काळजी वाटली. ४,२०,००० मधले १,५०,००० पतसंस्थेत आहेत असं तुम्ही सहज लिहून गेलात. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विमा असतो, पतसंस्थेला तो नाही. दर एक टक्का जास्त मिळतो तो याच जोखमीचा. मुलीची फी दोन वर्षांवर आलीय, अशा पैशाला ती जोखीम नको. आत्ता घाईनं मोडू नका, पण पुढच्या महिन्यात मुदत संपतेय तेव्हा रिन्यूच्या फॉर्मवर सही न करता पैसे बँकेत आणा, आणि दोन एफडी करा, एक ९० हजारांची जी मिस्टरांच्या नोकरीत काही खालीवर झालं तर हात लावता येईल, दुसरी ६० हजारांची मुलीच्या ॲडमिशनच्या महिन्यात संपेल अशी. बँकेतली २,७०,००० ची आहे तशीच राहू दे.

पहिल्या चार टॉपचा हिशोब एका वहीत लिहा, कापड, टाके, तास, विकलेला भाव, सगळं वेगवेगळ्या रकान्यात. गड्डा उरकला की मला पाठवा, तेव्हा आकडे बघून पुढचं ठरवू.