प्रॅक्टिकलचे गुण आणि ‘आत्मविश्वास कमी’ हा शेरा

प्रश्न : माझी मुलगी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रिलिममध्ये मेडिसिनच्या लेखी पेपरात तिला ६८ टक्के मिळाले, प्रॅक्टिकलला मात्र ४१. कारण विचारलं तर ‘आत्मविश्वास कमी’ एवढंच उत्तर. हा अन्याय नाही का? मी जाऊन तक्रार करू का? पीजीला अडचण येईल का?

उत्तर : ताई, आधी पीजीची धास्ती सोडा. भारतात पीजीचा प्रवेश बहुतेक ठिकाणी नीट-पीजीच्या आणि एम्ससारख्या संस्थांत आयएनआय-सीईटी या वेगळ्या प्रवेश परीक्षेच्या रँकवर होतो. तिथे हे गुण कोणी विचारत नाही. मात्र विद्यापीठाच्या परीक्षेला बसायचं तर अंतर्गत मूल्यमापनात लेखी-प्रॅक्टिकल मिळून ५० टक्के आणि दोन्हींत वेगवेगळे किमान ४० लागतात. प्रॅक्टिकलच्या ४१ मुळे लेक काठावर आहे, म्हणून आत्ताच हालचाल हवी.

आता अन्यायाचं. लाँग केसमध्ये, म्हणजे एकच रुग्ण सविस्तर तपासून परीक्षकासमोर मांडण्यात, नशिबाचा भाग असतो, हे मी नाकारत नाही. एकीला पोटात पाणी झालेला रुग्ण मिळतो, पोट बघूनच अर्धी वाट सापडते. दुसरीला मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे हृदयाची झडप अरुंद झालेला रुग्ण, त्याचा मर्मर (हृदयातला जादा आवाज) शांत खोलीतही कानाला नीट लागत नाही. वॉर्डात तर विचारूच नका. त्यात रुग्ण सकाळपासून दहा जणांना तीच कहाणी सांगून वैतागलेला. व्हायव्हाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, उत्तरपत्रिकाही नसते, मग फेरतपासणी कशाची करणार?

याच दुखण्यावर स्कॉटलंडमधल्या डंडीत रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ‘ऑस्की’ ही प्रॅक्टिकल परीक्षेची पद्धत मांडली : अनेक स्टेशनं, प्रत्येक ठिकाणी ठरलेलं काम, ठरलेली गुणांची यादी, वेगवेगळे परीक्षक. एका परीक्षकाची मर्जी किंवा एका केसचं नशीब त्यामुळे सगळा निकाल ठरवत नाही. पण अनुभवी डॉक्टरची नजर पूर्ण काढून टाकावी, असं मला अजिबात वाटत नाही. थंड हात पोटावर ठेवण्याआधी मुलीने ते चोळून गरम केले का, हे यादीत नसतं, परीक्षकाला दिसतं. माझा आक्षेप नजरेला नाही, ‘आत्मविश्वास कमी’ या दोन शब्दांना आहे. त्यातून मुलीने सुधारायचं काय?

म्हणून तुम्ही जाऊ नका, तिला जाऊ द्या. तिने सरांना नेमकं विचारावं : हिस्ट्रीत (रुग्णाला विचारून घेतलेल्या माहितीत) काय सुटलं? तपासणीचा कुठला टप्पा चुकला? निदान बरोबर होतं, पण मांडणी विस्कळीत झाली का? असं विचारलं की बहुतेक शिक्षक मनापासून सांगतात. जात, भाषा किंवा मुलगी असण्यावरून कोणी बोललं असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. तारीख-वेळेसह अधिष्ठात्यांकडे लेखी तक्रार द्या, तिथे कचरू नका.

बाकी, लेखीत ६८ म्हणजे अभ्यास पक्का आहे. तो तोंडातून बाहेर येत नाही. रोज संध्याकाळी वॉर्डात एक केस घेऊन मैत्रिणीसमोर उभं राहून, वही मिटून, सात-आठ मिनिटांत मांडायची. मैत्रिणीने मध्येच अडवून ‘कशावरून?’ विचारायचं. पहिला आठवडा ती रडकुंडीला येईल, तेव्हा घरी फोनवर गुणांचा विषय काढू नका.