पोचा पडलेला तांब्या

प्रश्न : ताई, सासर सोडून मी माहेरी देवगडला आले, त्याला दोन वर्षं झाली. तिकडे मोबाइलवर फोटो काढायचे : पोचा पडलेला रुखवतातला तांब्या, उचकटलेली कडी, माझा सुजलेला डोळा. 25 नोव्हेंबरला, महिलांवरील हिंसाचारविरोधी दिनी, ते गावच्या वाचनालयात लावायचेत. आई म्हणते, घरातलं चव्हाट्यावर कशाला? कोर्टात केस चालू आहे.

उत्तर : तुम्ही पाठवलेला तांब्याचा फोटो मी चारदा पाहिला. त्यात पाणी भरलेलं आहे. म्हणजे पोचा पडला तरी तो वापरात होता! तोच पहिला लावा. डोळ्याचा लावायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. अमेरिकेच्या नॅन गोल्डिन या छायाचित्रकर्तीने 1984 साली स्वतःचाच काढलेला एक फोटो आहे, तिला झालेल्या मारहाणीनंतर महिन्याभराने. ओठांना लालभडक लिपस्टिक आणि एक डोळा रक्ताळलेला. बघणाऱ्याला नजर चुकवता येत नाही.

पण आधी वकिलांना विचारा. मूळ फोटो त्याच फोनमध्ये राहू द्या. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की फोटोतली तारखेची नोंद गळते. कडीचा फोटो तर जपाच. 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात नुसती मारहाण नाही, धमकावणं, पैसे अडवणंही येतं. वकिलाची फी जड जात असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बायकांना वकील मोफत मिळतो. मुलांचे चेहरे नकोत. 181 हा हेल्पलाइन नंबर चिठ्ठ्यांवर लिहून ठेवा, कंबरेला खोचून नेता येतील अशा.

आणि आईंना आदल्या संध्याकाळी एकट्यांनाच घेऊन जा. रुखवतात तो तांब्या त्यांनीच मांडला असेल ना?