२२ फुटी बोटीची डोलकाठी क्रेनशिवाय उभी करता येते का?

क्रेनबिन काही लागत नाही हो. तुम्ही लिहिलंय की जुनी कॅटालिना २२, म्हणजे छोटी शिडाची बोट, घेतली, ट्रेलरवर डोलकाठी आडवी बांधलेली आहे, मदतीला फक्त मिसेस आहेत आणि बोटीचा अनुभव शून्य. दोघं भरपूर झालात. माझ्याकडे हीच बोट आहे, न्यू जर्सीत लेक हॉपॅटकाँगला नेतो, आणि १९६९ मध्ये ही बोट बनवायला घेतली तीच मुळात ट्रेलरवरून ओढून नेण्यासाठी, त्यामुळे डोलकाठीच्या बुडाशी बिजागरीसारखी पिन असते, त्या पिनेवरच ती उभी-आडवी होते.

आधी मान वर करून बघा. खरंच. जवळजवळ २५ फुटांची अल्युमिनियमची काठी आहे आणि ती बोटीवर, बोट ट्रेलरवर, म्हणजे टोक कुठे जाईल हिशोब करा. रॅम्पच्या, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उताराच्या, आसपास विजेची तार दिसली तर बोट दुसरीकडे न्या. होबी १६ नावाच्या छोट्या शिडाच्या बोटीच्या डोलकाठीचं वरचं टोक फायबरचं करतात ते या तारांपायीच. आणि उभी करून झाल्यावर ट्रेलर ओढत पाण्याकडे जाताना सुद्धा तेच बघायचं, लोक नेमके तिथे विसरतात.

आता डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा. डोलकाठी मागे, म्हणजे सुकाणूच्या बाजूला आडवी असते आणि पुढे वर येते. बॅकस्टे (मागे जाणारी तार), दोन्ही बाजूंचे वरचे श्राउड (श्राउड म्हणजे बाजूच्या तारा, वरचे काठीच्या वरून येतात, खालचे मधून) आणि मागचे खालचे श्राउड आधीच जोडून ठेवायचे, ते सैल पडलेले असतात आणि काठी उभी झाली की आपोआप ताणले जातात. पुढचे खालचे दोन श्राउड मात्र सोडलेलेच ठेवा कारण काठी आडवी असताना त्यांची लांबी पुरतच नाही, जोडून ठेवले तर काठी वर राहील किंवा काहीतरी तुटेल. फोरस्टे, म्हणजे पुढे जाणारी तार, सुद्धा काठी उभी झाल्यावरच.

पहिल्या वर्षी मी काय केलं, नुसता जोर लावला. काठी अर्ध्यावर येऊन अडली, मला वाटलं जड लागतेय, अजून एक हिसका दिला. आली वर, पण डाव्या श्राउडचा टर्नबकल (तार ताणायचा आट्यांचा जोड) डेकवर आडवा पडला होता तो सरळ उभा राहायच्या ऐवजी तिथेच अडकून वाकला, आट्यांचा दांडा अगदी केळ्यासारखा. शनिवार गेला, पार्ट मागवला, पुढचा शनिवार पण गेला. तेव्हापासून बायकोचं काम ओढणं नाही, बघणं. ती प्रत्येक टर्नबकल बोटाने सरळ धरून सोडते आणि "थांब रे" म्हणाली की मी थांबतो, का ते विचारत नाही. वजन एकदम वाढल्यासारखं वाटलं की काहीतरी अडकलंय समजा, बॅकस्टे तर ट्रेलरच्या दिव्यात सुद्धा अडकतो.

सुरुवातीचा उठाव सगळ्यात अवघड. काठी आडवी असताना नाळेकडून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडून, दोर ओढलात तर तो दोर काठीला जवळपास समांतरच असतो, ती पिनेवर दाबली जाते, उचलली जात नाही. म्हणून बूमच, म्हणजे शिडाखालची आडवी काठी, काढून डोलकाठीच्या बुडाशी उभा करायचा, दोन्ही बाजूंना दोर बांधून हलणार नाही असा, त्याच्या टोकाला जिबचा (पुढच्या शिडाचा) हॅलियार्ड, म्हणजे डोलकाठीच्या वरून येणारा शीड चढवायचा दोर, घट्ट बांधायचा आणि त्याच टोकापासून नाळेपर्यंत मेनशीटची (मोठं शीड आवरायच्या दोराची) कप्पी लावायची. मग ओढत गेलात की बूम पुढे झुकतो आणि डोलकाठी मागून वर येते. मधे कुठेही थांबता येतं, दोर क्लीटला अडकवला की हात मोकळे, फोरस्टेची पिन निवांत घालता येते. मागचं टोक लाकडी टेकूवर जरा उंच ठेवलंत तर अजून सोपं. फक्त वर येताना मधल्या टप्प्यात बाजूचे श्राउड सैल असतात, काठी डोलते, तेव्हा वारा नसलेली सकाळ बघा आणि खाली कुणाला उभं करू नका.

उभी झाली की पुढचे खालचे श्राउड जोडा आणि सरळ आहे का बघा. मेन हॅलियार्ड एका बाजूच्या चेनप्लेटला (श्राउड बोटीला जिथे जोडतात ती पट्टी) टेकवून माप धरा, तेच माप दुसऱ्या बाजूला लागलं पाहिजे. किंचित मागे झुकलेली चालेल. आमच्या अलिबागकडच्या मचव्यांची डोलकाठी उलट पुढे झुकलेली असते, बाबांना फोटो पाठवला तर म्हणाले ही पडायला आलीय का.

ताण वरच्या श्राउडना जास्त, खालच्यांना कमी. प्रत्येक टर्नबकलला रिंग घालून वर टेप गुंडाळा, नाहीतर शीड तिथेच फाटतं. मग बऱ्यापैकी वाऱ्यात एक फेरी मारा आणि वाऱ्याच्या उलट बाजूचा श्राउड लोंबतोय का बघा, लोंबत असेल तर किनाऱ्यावर येऊन दोन्ही बाजूंच्या टर्नबकलना सारखेच फेरे द्या, मोजून.