आईच्या आजारपणाचं निमित्त

मावशी,
मी २७ वर्षांचा आहे. सोलापुरातल्याच एका टॉवेल कारखान्यात हिशोबाला आहे. पगार २२ हजार. त्यातले १३ घरी देतो, गाडीचा हप्ता वेगळा. शाळेपासूनचे आम्ही पाच मित्र दर शनिवारी रात्री बसतो. आधी सात रस्त्याला चहा प्यायचो, आता ढाबा नाहीतर परमिट रूम. मी पीत नाही. गेल्या महिन्यात एका रात्रीचं बिल ४,८६० झालं, प्रत्येकी ९७२. मी खाल्लं होतं डाळ, दोन भाकरी आणि सोडा. शेवटी सगळ्यांना घरी सोडायचंही माझ्याकडेच, कारण शुद्धीत मी एकटा. बोलायची लाज वाटते. म्हणून तीन शनिवार "आईला बरं नाही" म्हणून टाळलं. परवा त्यातला एक जण नव्या पेठेत आईला भेटला, त्यानं तब्येत विचारली. आई म्हणाली, "बरंय रे आता." घरी येऊन तिनं मला एका शब्दानं विचारलं नाही. आता सगळे तिला बघायला यायचं म्हणतायत. पुण्याला गेलेले आणखी दोघं संक्रांतीला येणार आहेत, मोठ्या हॉटेलचा बेत चाललाय. ग्रुपमधून हळूच बाहेर पडू का?

*

मावशी म्हणालास, म्हणून अरे-तुरे करते.

पत्रात आकडे आधी आलेत, आई शेवटी आलीय. मला उत्तर आईपासून सुरू करायचंय. भर बाजारात, हातात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या त्या बाईला एका क्षणात कळलं, की पोरानं माझ्या नावावर खोटं सांगितलंय. आणि तिनं तुला उघडं पडू दिलं नाही. घरी येऊन विचारलं नाही, ते रागानं नसेल. तुझ्या हातात महिनाअखेरीला काय उरतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? पण वाट ती बघत असणार. आजच, जेवणं झाल्यावर ती ओटा आवरत असेल तेव्हा जवळ जा आणि जे मला लिहिलंस ते तिला सांग. मित्रांचं नंतर.

आता मित्र. त्यांच्यावर तुझा राग आहे, तो पत्रात दिसतो आणि तो खोटा नाही. पण मी एकदा त्यांच्या जागी होते, म्हणून तिकडची बाजू सांगते. आमची बायकांची भिशी होती, बारा जणींची. भिशी उघडली की हॉटेलात जेवायचं आणि बिल बारानं भागायचं, असा रिवाज. हिशोब मीच करायची. आमच्यातली एक जण ओळीनं तीन वेळा म्हणाली, आज माझा उपवास आहे. एकदा सोमवार, एकदा चतुर्थी, तिसऱ्यांदा तर कुठलाच वार जुळत नव्हता. साबुदाण्याची वाटी पुढ्यात घेऊन बसायची आणि बाराव्या हिश्श्याचे पैसे पूर्ण द्यायची. मग यायची बंद झाली. सहा महिन्यांनी कळलं, तिच्या नवऱ्याचे यंत्रमाग बंद पडले होते. तिच्या शेजारी बसून बारानं भागत होते मी, आणि मला दिसलं नव्हतं. तिच्या घरी जायला मी फार उशीर केला. ती बोलली माझ्याशी, पण पहिल्यासारखी नाही.

पोटभर खाल्लेल्या माणसाला भागाकार सोपा वाटतो रे. रात्री साडेअकराला बिल आलं, एकानं स्कॅन केलं, "नऊशे बहात्तर टाका रे" म्हणाला, संपलं. कुणाच्या ताटात काय होतं हे त्या वेळी कुणी बघत नाही. ती चूकच आहे, पण तुला लुटायचं म्हणून केलेली नाही. आणि तू तरी त्यांना कळायला काय दिलंस? आईचा ताप.

म्हणून हळूच बाहेर पडू नकोस. तसा बाहेर पडलास तर त्यांच्या मनात तू "आईच्या आजारपणात तुटलेला" राहशील आणि तुझ्या मनात ते "पैसेवाले" राहतील. दोन्ही खोटं.

नव्या पेठेत आईला भेटलेल्या त्या एकाला आधी गाठ. ज्याला भर बाजारात थांबून तुझ्या आईची तब्येत विचारावीशी वाटली, तो ९७२ रुपयांपायी तोडायचा माणूस नाही. मेसेज टाकू नकोस, परमिट रूममध्ये तर नाहीच नाही. संध्याकाळी कंबर तलावाकडे चक्कर मार त्याच्यासोबत आणि एवढंच म्हण: "आईला काही झालं नव्हतं. मला दर शनिवारचे पैसे पुरत नव्हते आणि ते बोलवत नव्हतं. चुकलं माझं." इथे थांब. पगार, हप्ता, घरखर्च यांचा पाढा वाचू नकोस, तो तिथे आरोपी म्हणून आलेला नाही. तो बहुतेक म्हणेल, "येडा हाय का बे, सांगायचं की!" थोडा चिडेलही, चिडू दे. त्याचा हक्क आहे.

मग तो म्हणेल, तुझं आम्ही भरतो. एखाद्या वेळी भरू दे, मित्र आहेत. दर शनिवारी मात्र नको. दुसऱ्याच्या पैशानं नेमानं जेवणारा माणूस मेनू हातात घ्यायचा बंद होतो, आणि तुझं तसं व्हावं असं मला वाटत नाही. त्यापेक्षा टीटीएमएम बरं, तुझं तू माझं मी. फक्त ते बिल आल्यावर काढायचं नाही, तेव्हा ते भांडण वाटतं. बसल्या बसल्या, ऑर्डर द्यायच्या आधी वेटरला सांगायचं, दादा, दारूचं बिल वेगळं करा. वेटर अजिबात चकित होत नाही. जेवणावर जीएसटी लागतो, दारू जीएसटीत येतच नाही, त्यामुळे दोन हिशोब त्यांना तसेही करावे लागतात. जेवण पाचात वाटा, पिणं पिणाऱ्यांत. तुझा आकडा तू आधीच ठरव, समज रात्रीचे तीनशे, महिन्यातून दोनदा. उरलेले शनिवार सात रस्त्याचा चहा काय वाईट होता?

गाडीचं एक सांगते आणि त्यात मी काही ऐकून घेणार नाही. कितीही रुसलास तरी प्यायलेल्या माणसाच्या हातात किल्ली द्यायची नाही. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर दारू सापडली की तो कायद्यानं गुन्हा, पहिल्यांदा पकडलं तरी दहा हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण मला दंडाची नाही, रात्रीच्या हायवेवरच्या ट्रकची भीती वाटते. तू त्यांना घरी पोचवतोस, हे या सगळ्या मैत्रीतलं सगळ्यात मोठं काम आहे. ज्या शनिवारी तू नसशील, त्या शनिवारी कोण चालवणार हे आधी विचारत जा. पेट्रोलचे पैसे माग, त्यात लाज कसली?

एखादा तोंडावर कंजूस म्हणेल. एकदा म्हणाला तर सोडून दे. दर वेळी म्हणायला लागला तर त्याच्या शेजारी बसू नकोस, बाकी तिघांत बस.

राहिली संक्रांत. मोठ्या हॉटेलचा बेत दुसऱ्यानं आखला, म्हणून तू त्यात अडकलास. या वेळी बेत तू आख. ते आईला बघायला यायचं म्हणतायत ना? येऊ दे. त्या एकाशी बोलून झालं की बाकीच्यांनाही खरं सांग आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, सहाही जणांना घरी जेवायला बोलव. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, वांगं-गाजर-घेवडा-हरभरा घातलेली भोगीची भाजी, शेंगाचटणी. पुण्याच्या त्या दोघांना हॉटेलात हे कोण वाढणार? "न खाई भोगी तो सदा रोगी" म्हणतात, आईच्या आजारपणाचा विषय तिथेच हसून संपेल. आणि गावात सिद्धेश्वराची जत्रा, आपला गड्डा, भरलेला असताना रात्री बसायला चार भिंती कशाला हव्यात? सिद्धेश्वराच्या सात नंदीध्वजांच्या काठ्या बघा, होम मैदानावर पाळण्यात बसा, शोभेचं दारूकाम असेल त्या रात्री मान वर करून उभे राहा. लहानपणी उभे राहत होतात तसेच.

फक्त आईला आधी विचार. सात जणांच्या भाकऱ्या म्हणजे तिला दोन तास चुलीपुढून हलता येणार नाही. बाजरीचं पीठ ठेवलं की कडू होतं, ते आदल्या दिवशीच दळून आणावं लागतं. गिरणीत डबा घेऊन तू जा.