खंडसाखळी, खातेवही की कीर्द?

प्रश्न असा आहे: व्यवसायविषयक मजकुराचा अनुवाद करताना 'ब्लॉकचेन'ला, म्हणजे व्यवहारांचे ब्लॉक एकाला एक जोडून ठेवायच्या नोंदपद्धतीला, 'खंडसाखळी' आणि 'लेजर'ला 'खातेवही' म्हणावं का?

'खंडसाखळी' मला पटत नाही. मराठीत खंड 'पडतो'. साखळीच्या आधी तो आला की तुटलेली साखळीच डोळ्यांसमोर येते, आणि इथे तर न तुटण्यालाच महत्त्व. शिवाय 'पुरवठा साखळीतील खंडसाखळीचा वापर' हे एकदा मोठ्याने वाचून पाहा! 'ब्लॉकचेन' तसाच राहू द्या. गंमत म्हणजे सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ साली आलेल्या, बिटकॉइन या आभासी चलनाच्या मूळ निबंधात हा जोडशब्द नाहीच. ब्लॉक आहेत, चेन आहे, जोडी मागाहून रुळली.

खरी चर्चा 'खातेवही'ची. हिशेबाच्या जुन्या रीतीत व्यवहार आधी कीर्दीत उतरतात, घडले त्या क्रमाने. मग खतावणीत, म्हणजे खातेवहीत, खात्यांवार लागतात. बिटकॉइनच्या साखळीत कुणाचं खातं आणि शिल्लक मांडलेली नसते. व्यवहार ओळीने नोंदलेले असतात, शिल्लक त्यावरून काढायची. म्हणजे ही कीर्दच झाली. एकेक ब्लॉक हे तिचं पान, आणि 'मागील पानावरून पुढे' म्हणून त्यावर आधीच्या पानाचा हॅश, म्हणजे त्या पानावरच्या मजकुरातूनच निघालेला ठसा. जुन्या पानावरचा एक आकडा बदलला तरी ठसा जुळेनासा होतो. म्हणून 'अपरिवर्तनीय'पेक्षा मी 'खाडाखोड न लपणारी' म्हणेन. २०१५ मध्ये सुरू झालेल्या इथेरियम या दुसऱ्या ब्लॉकचेनमध्ये मात्र खाती आणि शिल्लक दोन्ही आहेत. तिथे 'खतावणी'ही चालेल.

'डिस्ट्रिब्युटेड लेजर'मधल्या 'डिस्ट्रिब्युटेड'ला 'वितरित' म्हटलं की बक्षीस समारंभ आठवतो. इथे वाटप नाही, प्रत्येकाकडे तीच वही आहे. 'सामायिक कीर्द' म्हणा. व्यवसायात घोडं अडतं ते बहुधा या 'सामायिक'पाशीच. वॉलमार्ट ही दुकानसाखळी आणि आयबीएम ही संगणक कंपनी यांच्या ब्लॉकचेन चाचणीत कापलेल्या आंब्याच्या पाकिटाचा माग काढायला आधी जवळपास ७ दिवस लागले होते, ते काम २.२ सेकंदांत झालं. पण तिथे पुरवठादारांना सामील व्हायला लावू शकणारा एकच मोठा गिऱ्हाईक होता. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम यांचं ट्रेडलेन्स, म्हणजे जहाजमालाच्या नोंदींची सामायिक ब्लॉकचेन, २०१८ मध्ये आलं, जहाजवाहतुकीतली सगळी मंडळी हवी तशी एकत्र आली नाहीत, आणि २०२२ मध्ये ते गुंडाळत असल्याचं जाहीर झालं.

तेव्हा तुमच्या मजकुरातली वही एकाच कंपनीच्या ताब्यात असेल, तर 'सामायिक' लिहू नका. साधं 'नोंदवही' पुरे.