बीटी म्हणजे बायोटेक्नॉलॉजी नव्हे

प्रश्न : कपाशीच्या पाकिटावरच्या ‘बीटी’चा अर्थ काय? आमच्याकडे सगळे ‘बायोटेक्नॉलॉजी’ सांगतात. यंदा दुकानदार ‘बीटी तूर’ही घ्या म्हणतो. घ्यावी का?
– एक शेतकरी, आर्णी (यवतमाळ)

उत्तर : भाऊ, ही चूक मीही केली आहे, तीही चारचौघांत. मार्च २००२मध्ये देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. तेव्हा मी कृषी सहायक होतो. खरिपाच्या तोंडावर एका गावच्या सभेत फळ्यावर ठळक ‘बायोटेक्नॉलॉजी’ लिहिलं आणि मागे बसलेल्या बारावीच्या पोरानं मला दुरुस्त केलं.

बीटी हे एका जिवाणूच्या नावाचं लघुरूप आहे : बॅसिलस थुरिंजिएन्सिस. जर्मनीतल्या थुरिंगिया भागात १९११च्या सुमारास एर्न्स्ट बर्लिनर यांना तो पिठातल्या पतंगाच्या अळ्यांत सापडला, म्हणून हे नाव. खरं तर जपानच्या इशिवाता यांनी दहा वर्षं आधीच तो रेशमाच्या अळ्यांत पाहिला होता, पण बारसं जर्मनांनी केलं! हा जिवाणू एक प्रथिन तयार करतो. ते अळीच्या आतड्याला चिकटून भोकं पाडतं. अळी खाणं सोडते आणि मरते. त्या प्रथिनाचं जनुक सरकीत घातलं, की पऱ्हाटी स्वतःच ते बनवू लागते. ‘बीजी-२’ म्हणजे अशी दोन जनुकं असलेली बीटी कपाशी.

तेव्हा बीटी हे बोंडअळीपुरतं कवच. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांना ते प्रथिन बाधत नाही, फवारणी चुकत नाही. आणि गुलाबी बोंडअळी तर आता बीजी-२लाही दाद देत नाही. २०१७चा हंगाम तुम्ही विसरला नसाल. पूर्वी ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत साध्या सरकीची १२० ग्रॅमची पुडी यायची. ती कडेनं लावायची, म्हणजे तिथं वाढलेले साधे पतंग बीटी पचवलेल्या पतंगांशी जुळतात आणि पुढची पिढी बीटीला बळी पडते. ती पुडी धुऱ्यावर फेकून देणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. फरदड ठेवणाऱ्यांनी, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी शेतात उभी ठेवणाऱ्यांनी, तर अळीला उन्हाळ्यापर्यंत जेवू घातलं.

राहिली तूर. भारतात बीटी तुरीला परवानगीच नाही. तुमच्या दुकानदाराला एवढंच म्हणा : पक्क्या बिलावर ‘बीटी तूर’ असं लिहून दे.