'घेवडा' म्हणजे नेमका कुठला?

प्रश्न असा आलाय की बियांच्या पाकिटावर नुसतं 'घेवडा' लिहिलंय, तर त्यातून फरसबी येणार, वाल येणार का राजमा? आणि जाता जाता, मटार नि वाटाणा एकच का?

नुसत्या शब्दावरून नाही सांगता येत. घेवडा हे एका झाडाचं नावच नाहीये, भाजीच्या शेंगांचा अख्खा गोतावळा त्यात येतो. श्रावणघेवडा म्हणजे फरसबी (फ्रेंच बीन बोलता बोलता फरसबी झालं), शास्त्रीय नाव फॅसिओलस व्हल्गॅरिस, मूळची अमेरिका खंडातली. पण वालाच्या, पावट्याच्या शेंगांनाही बरेच जण घेवडाच म्हणतात आणि ते लॅबलॅब पर्प्युरिअस, म्हणजे वेगळंच झाड, त्याचा अमेरिकेशी काही संबंध नाही. आणि राजमा? तो फरसबीच्याच जातीचा! शेंग कोवळी असताना खाल्ली तर फरसबी, निबर होऊन वाळली आणि आतला दाणा खाल्ला तर राजमा. अर्थात वाण वेगवेगळे निवडलेत, फरसबीत शेंगेला दोरे कमी हवेत म्हणून आणि राजम्यात दाणा भरदार हवा म्हणून. पट्ट्यापट्ट्यांचा वाघ्या घेवडा हासुद्धा राजमाच.

मला वाटतं गोंधळाचं मूळ इथंच आहे, आपली नावं पडलीत ती खायला काय घेतो त्यावरून, कोवळी शेंग, ओला दाणा का वाळलेलं कडधान्य, आणि स्वयंपाकाला ती अगदी नेमकी आहेत, पण पेरायचं म्हटलं की झाड कुठलं ते कळायला हवं. मटार-वाटाण्याचं तेच. झाड एकच, पायसम सटायव्हम. ओला हिरवा दाणा तो मटार, वाळला की वाटाणा. 'ओला वाटाणा' म्हणणंही बरोबरच आहे, 'वाळका मटार' मात्र कानाला खटकतं.

आता पाकिटाचं. एक बी हातात घ्या आणि तिचा डोळा, म्हणजे ती शेंगेला चिकटलेली असते तिथली खूण, बघा. वालाच्या बीला कडेने लांब, पांढरी, उठून दिसणारी रेघ असते, फरसबी-राजम्याला मध्यावर छोटासा लंबगोल डोळा. एवढ्यावर वाल का फरसबी-राजमा याचा निकाल लागतो. वाटाणा उगवताना दोन्ही दलं मातीतच ठेवतो आणि नुसता कोंब वर येतो, फरसबी नि वाल मात्र ती जाड दलं डोक्यावर घेऊनच बाहेर पडतात. पुढे वाटाणा तणाव्यांनी (आधाराला गुंडाळणाऱ्या बारीक तंतूंनी) धरून चढतो म्हणून त्याला बारीक काटक्या, जाळी पुरते, वेलाची फरसबी आख्ख्या खोडानेच काठीला वेढे घालते (बुटक्या जातीही असतात, त्यांना आधार लागत नाही). वाटाण्याला थंडी मानवते, फरसबीला माती उबदार लागते, गार ओल्या मातीत बी कुजतं.

वाटाण्याचं बी सुरकुतलेलं निघालं तर खराब म्हणून फेकू नका हां! गोड मटारच्या वाणांचं बी वाळल्यावर तसंच दिसतं, कारण त्यात साखरेचं स्टार्चमध्ये रूपांतर कमी होतं. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलने 1866 साली छापलेल्या प्रयोगांत गोल नि सुरकुतलेले म्हणून जे दाणे मोजले ते हेच. तोडल्यावरही ही साखर कमी होत जाते, म्हणून मटार तोडल्या दिवशीच शिजवावा.

फरसबी आणि राजमा एकच म्हटलं म्हणून शिजवायला एकसारखे धरू नका. फरसबी वाफेवर चटकन होते. राजम्याच्या कच्च्या दाण्यात लेक्टिन नावाचं प्रथिन भरपूर असतं, त्याने उलट्या-जुलाब होतात, तेव्हा निदान 5 तास भिजवा, ते पाणी टाकून द्या आणि ताज्या पाण्यात चांगला खळखळून उकळा, निदान 10 मिनिटं तरी, मग मऊ होईपर्यंत शिजवा. नुसत्या मंद आचेवर दाणा मऊ होतो पण लेक्टिन तसंच राहू शकतं. आणि टोमॅटो, चिंच असं आंबट काही घालायचं असेल तर दाणा शिजल्यावरच, आधी घातलं तर तो लवकर मऊ होत नाही.